बाहुलीचे कपडे कोणी शिवले?

नाताळचा सण आटोपला की धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देत फिरण्याचा आम्हा धर्मगुरूंचा परिपाठ असतो. गेल्या जानेवारीत असाच सोलापूरच्या पूर्व भागातील एका घरी गेलो होतो. दोन खोल्यांचे घर; दाराजवळच्या उजेडात शिलाईचे यंत्र आणि त्याच्या बाजूला शाळेच्या गणवेशांचे कापून ठेवलेले गठ्ठे. घरची बाई नगावर शिलाई करते. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले आणि मी निघणार तोच घरातील सात-आठ वर्षांच्या मुलीने एक बाहुली माझ्यापुढे धरली. "फादर, हिला पण," ती म्हणाली.

बाहुली सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतून आणलेली होती. बार्बीची नक्कल म्हणून यात्रेतल्या दुकानांत ज्या स्वस्त बाहुल्या मिळतात, त्यांपैकीच ती एक. पोकळ पाय, पिवळे केस, एक हात खांद्यातून निखळून पुन्हा बसवलेला. मात्र तिच्या अंगावर कारखान्याचा चकचकीत झगा नव्हता. गणवेशाच्या उरलेल्या चिंध्यांतून शिवलेला गडद निळा फ्रॉक, आत पांढरा सदरा आणि गळ्यात बोटभर लांबीचा टाय असा तिचा वेष होता. "आज हिचा गणिताचा पेपर आहे," मुलीने खुलासा केला. मी बाहुलीवरही पाणी शिंपडले आणि निघालो.

परतताना मात्र माझे मन स्वस्थ नव्हते, कारण याच बाहुलीविषयी माझ्या खाती एक जुने पाप जमा आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आगमनकाळातील एका रविवारी मी प्रवचनात बार्बीवर कडाडून टीका केली होती. ही बाहुली आपल्या मुलींना नटवेपणा शिकवते, ती ख्रिस्ती घरात असू नये, असे मी आईबापांना बजावले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या धर्मग्रामातील एक तरुणी मला भेटली. ती आता दोन मुलांची आई आहे. तिच्या मावशीने मस्कतहून तिला बार्बी पाठवली होती. माझ्या प्रवचनानंतर ती बाहुली आधी कपाटावर गेली आणि मग एके दिवशी घरातूनच नाहीशी झाली. ती तरुणी हसत हसत म्हणाली, "फादर, बाहुलीचं फारसं काही नाही. पण मी तिच्यासाठी एक झगा शिवत होते, तो अर्धाच राहिला."

सेमिनरीत आमचे एक वयोवृद्ध प्राध्यापक सांगत असत की ग्रंथ वाचल्याखेरीज त्यावर अभिप्राय देणे हे खोट्या साक्षीइतकेच गंभीर आहे. मी बार्बी कधी हातातही घेतलेली नव्हती. ज्या बाहुलीने सहा दशकांहून अधिक काळ जगातील कोट्यवधी मुलींच्या मनात घर केले, ती लोकसंस्कृतीची एक संहिता आहे आणि एखादी कादंबरी वाचावी तशी ती वाचली पाहिजे. ते राहून गेलेले वाचन मी येथे करू पाहत आहे.

आपल्या भाषेतील बाहुली

मराठी भाषेने बाहुलीवर पूर्वीच टीका करून ठेवली आहे. जिला स्वतःचे मत नाही ती कळसूत्री बाहुली आणि जिला काम नाही ती शोभेची बाहुली. दोन्ही वाक्प्रचार निंदेचे आहेत. नॉर्वेच्या इब्सेनने १८७९ साली आपल्या नाटकातील नोराला बाहुलीच्या घरातून बाहेर काढले, तेव्हा ते दुःख मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नव्हते. अनंत काणेकरांनी त्या नाटकाला 'घरकुल' या नावाने मराठी रूप दिले.

पण मुलींच्या हातातील बाहुली या निंदेतील बाहुलीहून वेगळी होती. आपल्या आज्यांच्या लहानपणी असायची ती लाकडाची ठकी. हात अंगालाच चिकटलेले, पाय वेगळे काढलेले नाहीत, नाक-डोळे रंगाच्या दोन-चार फटकाऱ्यांचे. ज्यांना तीही परवडत नसे त्या मुली जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून बाहुली करीत. ठकीला सौंदर्य नव्हते, त्यामुळे तिच्यात जे काही दिसे ते मुलीने पाहिलेले असे. ती रागावली, रुसली, आजारी पडली, हे सारे मुलीने ठरवायचे. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा साधेपणा लगेच ध्यानात येईल.

म्हणून जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. भातुकलीकडे जरा नीट पाहिले तर त्यात काय आढळते? चूल, तवा, परात, पोळपाट, जाते, उखळ. साऱ्या खेळाचे जग म्हणजे स्वयंपाकघर. आणि त्या खेळाचा कळसाध्याय कोणता, तर बाहुला-बाहुलीचे लग्न. ज्या काळात हे लग्न मोठ्या थाटाने लागत असे, त्या काळात ते लावणाऱ्या मुलीचेही लग्न नवव्या-दहाव्या वर्षी लागत असे. खेळ म्हणजे पुढच्या जन्मठेपेची रंगीत तालीम होती, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

पुण्यात फडके हौदाजवळ बाहुलीचा हौद म्हणून एक जुना हौद आहे. महात्मा फुले यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांची मुलगी काशी लहान वयातच मरण पावली. वडील तिला शिकवीत होते आणि ते न रुचलेल्या नातेवाइकांनी तिला खाऊतून काचा घातल्या, असे सांगितले जाते. वडिलांनी मुलीच्या स्मरणार्थ बाहुलीचा हा हौद बांधला आणि त्याचे पाणी सर्व जातींना खुले ठेवले. महाराष्ट्रातील बाहुल्यांमध्ये मला ही सर्वांत बोलकी वाटते. मुलीला पाटी देण्याची किंमत काय होती, हे ती सांगते. बार्बीचे मोजमाप करण्यापूर्वी ही बाहुली आपण डोळ्यांपुढे ठेवावी.

बार्बीची जन्मकथा

बार्बीचा जन्म ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात झाला. तिची आई रूथ हँडलर ही मॅटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एलियट हँडलर यांची पत्नी आणि त्या व्यवसायातील बरोबरीची भागीदार. आपली मुलगी बार्बरा कागदाच्या बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका देते, हे तिने पाहिले होते. बाजारात तर तान्ह्या बाळाच्या रूपातील बाहुल्याच अधिक. त्यांच्याशी खेळणाऱ्या मुलीला एकच भूमिका उरे, आईची. १९५६ साली युरोपच्या प्रवासात रूथला लिली नावाची जर्मन बाहुली दिसली. ती 'बिल्ड' या वृत्तपत्रातील एका व्यंगचित्रमालिकेतून जन्मलेली आणि मुळात प्रौढ पुरुषांच्या थट्टामस्करीसाठी विकली जाणारी बाहुली होती. तिच्यावरून साडेअकरा इंच उंचीची, तीन डॉलर किमतीची बार्बी घडली. पहिल्याच वर्षी तीन लाखांहून अधिक बाहुल्या खपल्या.

तेव्हा या बाहुलीच्या जन्मातच दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. मुलीने आईखेरीज आणखी कोणीतरी होण्याचे स्वप्न पाहावे, ही एका आईची इच्छा हा एक धागा. आणि पुरुषांच्या नजरेसाठी घडवलेले शरीर हा दुसरा. बार्बीवरचे पुढचे सारे वाद या दोन धाग्यांच्या ओढाताणीतून निघाले आहेत.

पहिल्या धाग्याचा मान राखलाच पाहिजे. १९६२ साली बार्बीचे स्वतःचे घर बाजारात आले. ते पुठ्ठ्याचे होते आणि त्यात पुस्तके होती, स्वयंपाकघर मात्र नव्हते. अमेरिकेत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने कर्ज मिळण्याचा हक्क देणारा कायदा १९७४ साली झाला. बार्बी त्याच्या बारा वर्षे आधी घराची मालकीण झाली होती. १९६५ साली ती अंतराळवीर झाली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या चार वर्षे आधी. केन नावाचा मित्र तिला १९६१ साली मिळाला, पण कंपनीने त्यांचे लग्न काही लावले नाही. आपल्या भातुकलीशी हे ताडून पाहिले म्हणजे कळते की मुलींना ही बाहुली का आवडली. तिच्या घरात चूल नव्हती.

या कथेतील एक गोष्ट मला मोलाची वाटते, परंतु तिची चर्चा फारशी होत नाही. बार्बीचा सारा पसारा तिच्या कपड्यांवर उभा आहे. बाहुली एकदा घ्यायची आणि कपडे मात्र घेतच राहायचे, हे या व्यवसायाचे गणित. आरंभीचे कपडे शार्लट जॉन्सन या अमेरिकन वेषरचनाकार स्त्रीने जपानमध्ये राहून बेतले, आणि ते शिवले जपानमधील घरोघरच्या बायकांनी. टिचभर झग्याला अस्तर, राईएवढी बटणे, बारीक साखळ्या हे सारे त्यांच्या हातचे. महायुद्धाच्या होरपळीतून सावरणाऱ्या देशातील त्या बायकांची नावे बाहुलीच्या पेटीवर छापलेली नव्हती. गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर ज्या शहराच्या कितीतरी घरांत शिलाई आणि विडीवळणी यांवर चूल पेटत आली आहे, त्या सोलापूरच्या वाचकाला ही गोष्ट विस्ताराने सांगण्याची गरज नाही. २०१७ साली आपल्या शहरात गणवेशांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा देशोदेशीचे ग्राहक आले. गणवेशाच्या आतल्या शिवणीवर कोणाचे बोट टोचले, हे विचारायला कोणी येत नाही.

साडी नेसलेली बार्बी

भारतात बार्बी बनू लागली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईच्या ब्लो प्लास्ट उद्योगाच्या लिओ या खेळणी कंपनीमार्फत. त्यापूर्वी १९८२ साली मॅटेलने आपल्या देशोदेशींच्या बाहुल्यांच्या मालिकेत 'भारत' म्हणून एक बार्बी काढली होती, पण ती पाश्चात्य संग्राहकांसाठी. इथल्या बाजारात आलेल्या बार्बीला साडी नेसवण्यात आली, कपाळावर टिकली लावण्यात आली. चेहऱ्याचा साचा मात्र परदेशातलाच राहिला. देह तोच, पावले तशीच उंच टाचांच्या बुटांसाठी वाकवलेली. उंच टाचांसाठी घडवलेल्या पावलांवर साडी नेसवली की ती साडी वेशांतर होते, वेष राहत नाही.

गोरेपणाचे वेड आपल्याला बार्बीने लावले, असे म्हणणे मात्र स्वतःची फसवणूक ठरेल. ती येण्यापूर्वी कितीतरी वर्षे आपल्या वर्तमानपत्रांत 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' अशा जाहिराती छापून येत होत्या, आणि त्यांत ख्रिस्ती घरांच्या जाहिरातीही होत्या. बार्बी आपल्या उंबरठ्यात आली तेव्हा तिच्यासाठी पाट मांडलेलाच होता.

या बाबतीत अमेरिकेतील एका प्रयोगाची आठवण होते. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंगाखेरीज त्या अगदी सारख्या होत्या. चांगली बाहुली कोणती, खेळायला कोणती आवडेल, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. मग तुझ्यासारखी कोणती, असे विचारल्यावर काही मुलांना रडू कोसळले. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. बार्बी तेव्हा जन्मलीही नव्हती. बाहुली हा आरसा असतो आणि त्यात काय दिसावे हे बहुधा घरच्या व समाजाच्या बोलण्याने आधीच ठरलेले असते, हा त्या प्रयोगाचा बोध आहे.

खरा दोष कोणता?

बार्बीच्या देहावर जी टीका झाली, तीत तथ्य आहे. १९६५ साली निघालेल्या एका बार्बीबरोबर वजनाचा इवलासा काटा दिलेला होता आणि तो ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर, कायमचा रोखलेला होता. सोबत वजन कमी करण्याचे एक छोटे पुस्तकही होते आणि त्यातला उपाय होता, खाऊ नका. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की बार्बीची चित्रे पाहिलेल्या अगदी लहान मुलींना स्वतःच्या शरीराविषयी अधिक असमाधान वाटले. ज्या देशात मुलीच्या ताटात शेवटी उरेल ते वाढण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही, तेथे हा उपदेश केवळ हास्यास्पद म्हणून सोडून देता येत नाही.

परंतु याहून खोल दोष मला दुसरीकडे दिसतो. १९९२ साली निघालेली एक बार्बी बोलत असे. तिच्या पोटातील यंत्रात भरलेल्या वाक्यांपैकी एक होते, गणिताचा वर्ग अवघड असतो, अशा अर्थाचे. अमेरिकेत त्यावर गदारोळ झाला आणि कंपनीने ते वाक्य काढून टाकले. लगेच पुढच्या वर्षी काही खोडकर टीकाकारांनी दुकानांतून बोलणाऱ्या बार्बी आणि बोलणारे खेळण्यातले सैनिक विकत आणून त्यांचे आवाज अदलाबदल केले आणि गुपचूप परत मांडून ठेवले. सैनिक खरेदीच्या गप्पा मारू लागला आणि बार्बी युद्धाच्या गर्जना करू लागली.

सर्वांचे लक्ष त्या एका वाक्याकडे गेले. माझ्या मते बाहुली बोलू लागली, हीच मूळ चूक होती. ठकी मुकी असल्यामुळे मुलीला बोलावे लागत असे. बोलक्या बाहुलीपुढे मुलगी श्रोता होते. बार्बीचे तेच झाले आहे. तिचे नाव ठरलेले, घर ठरलेले, मित्र ठरलेला, गाडी ठरलेली आणि त्या सर्वांची किंमतही ठरलेली. जिची सारी कथा कारखान्यात लिहून झाली आहे, तिच्याशी खेळणाऱ्या मुलीला पुढचे प्रकरण लिहायचे नसते, विकत घ्यायचे असते.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. तो संख्येने लहान आहे, पण विचार करायला लावणारा आहे. चार ते सात वर्षांच्या काही मुलींना थोडा वेळ बार्बीशी आणि काहींना बटाट्याच्या आकाराच्या एका ओबडधोबड बाहुलीशी खेळू दिले. नंतर मोठेपणी तुम्हांला काय काय होता येईल आणि मुलग्यांना काय काय होता येईल, असे विचारले. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी मुलग्यांपेक्षा कमी व्यवसाय सांगितले. बटाट्याशी खेळलेल्या मुलींच्या उत्तरांत हा फरक जवळजवळ नव्हता. विशेष म्हणजे काही बार्बींना डॉक्टरचा वेष होता, त्यानेही काही फरक पडला नाही. विकत आणलेला पांढरा कोट मुलीला डॉक्टर करीत नाही, एवढे तरी यातून दिसते.

कंपनीचा पश्चात्ताप

बार्बीच्या निर्मात्यांना हे कळले नाही असे नाही. २०१६ साली त्यांनी उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बाहुल्या काढल्या. त्वचेचे रंग वाढवले. पुढे चाकांच्या खुर्चीवरची बार्बी आली, २०२३ साली डाउन सिंड्रोम असलेली आली आणि २०२४ साली हातात पांढरी काठी घेतलेली अंध बार्बी आली. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या वेषरचनाकार अनिता डोंगरे यांनी बेतलेला लेहेंगा घातलेली बार्बीही बाजारात आली. अपंग मुलीला दुकानाच्या फळीवर आपल्यासारखे कोणी दिसावे, यात मोठे समाधान आहे. ते आपण खुल्या मनाने मान्य करू.

२०२३ साली आलेल्या ग्रेटा गर्विग यांच्या 'बार्बी' या चित्रपटाने तर टीकाकारांची बहुतेक वाक्ये बाहुलीच्याच जगात आणून ठेवली. आरंभीच्या प्रसंगात लहान मुली आपल्या बाळबाहुल्या आपटून फोडतात, तो प्रसंग रूथ हँडलरच्या मूळ कल्पनेवरील चांगले भाष्य आहे. शेवटी बार्बी परिपूर्ण राहण्यापेक्षा मरणाधीन मनुष्य होणे पसंत करते. मानवी देह धारण करणे हे दुबळेपण नसून गौरव आहे, असे मानणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला हा शेवट सहज भिडावा. चित्रपट बुद्धिमान आहे आणि काही ठिकाणी हृद्यही आहे. पण एक अब्ज ४० कोटी डॉलरहून अधिक कमाई करणाऱ्या या चित्रपटासंगे गुलाबी वस्तूंचे ढीगही विकले गेले. स्वतःवरची टीकादेखील पेटीत घालून विकणारा बाजार असतो, तेव्हा समीक्षकाने हसावे आणि सावधही राहावे. दोषांची कबुली खरी असेल तर तिच्यामागून प्रायश्चित्त यावे लागते, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत.

आपल्या घरातील वस्त्रे

एवढे लिहून झाल्यावर एक प्रश्न माझ्याच अंगावर येतो. आम्ही कॅथलिक मंडळी मूर्तींना वस्त्रे चढवतो, त्याचे काय? नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात दरवर्षी फेब्रुवारीत लोटणाऱ्या गर्दीत आपल्यापैकी अनेक जण असतात. तेथील भक्तीचे मूळ ज्या प्राग शहरात आहे, तेथील बाळ येशूची मूर्ती लाकूड आणि मेणाची, हातभर उंचीची आहे. १६२८ साली पोलिक्सेना या सरदार घराण्यातील स्त्रीने ती कार्मेलाईट संन्याशांना दिली. उपासनेच्या ऋतूंप्रमाणे तिची वस्त्रे बदलतात आणि ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा हिने दिलेला झगाही त्यांत आहे. बाहेरून पाहणाऱ्याने हाही एक बाहुलीचा पेटारा म्हटला तर?

फरक आहे, आणि तो वस्त्राच्या किमतीत नाही. त्या मूर्तीला नेसवणारा आपल्यासाठी काही मिळवत नसतो. तो सेवा करीत असतो आणि त्या सेवेत त्याचे हात लागलेले असतात. पण हा फरक फार नाजूक आहे. सेवेचे प्रदर्शन व्हायला वेळ लागत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आपल्या मुलींच्या पांढऱ्या झग्यांची जी चढाओढ चालते, ती मी वर्षानुवर्षे वेदीवरून पाहतो. कोणाचा झगा मुंबईहून आणलेला, कोणाला मागे लांब पदर, कोणाच्या डोक्यावर खड्यांचा मुकुट. आणि ओळीच्या शेवटी थोरल्या बहिणीचा आखूड झालेला झगा घालून एखादी मुलगी खाली मान घालून उभी असते. त्या दिवशी त्या मुलीने कोणाकडे पाहायचे असते आणि ती कोणाकडे पाहत असते? या प्रश्नाचे उत्तर देताना बार्बीला मध्ये आणण्याचे कारण नाही. त्या झग्यांची मापे आपणच दिलेली आहेत.

निळा फ्रॉक

म्हणून मी पुन्हा पूर्व भागातील त्या घराकडे येतो. ती बाहुली बार्बीची नक्कल होती. म्हणजे जे दोष मूळ बाहुलीत, ते तिच्यातही होते: तोच अशक्य कंबरेचा देह, तेच पिवळे केस, तीच वाकलेली पावले. पण त्या मुलीने आईच्या शिलाईतून उरलेल्या चिंध्या घेतल्या आणि कारखान्याने लिहिलेली कथा पुसून टाकली. नटून मिरवण्यासाठी घडवलेली बाहुली तिने शाळेत घातली. गणित अवघड असते, असे तिच्या बाहुलीच्या पोटात कोणी भरून ठेवलेले नव्हते. तिचा गणिताचा पेपर होता आणि तो ती देणार होती. पुण्याच्या त्या हौदावरील बाहुलीला ही शाळकरी बाहुली पाहून बरे वाटले असते.

आणि ज्या झग्यावर मी एका प्रवचनाने कात्री चालवली, तो अर्धवट झगाही याच जातीचा होता. मस्कतहून आलेली बाहुली त्या मुलीने स्वतःची करून घ्यायला नुकती सुरुवात केली होती. माझा राग बाहुलीवर होता आणि घाव पडला तो मुलीच्या हातावर.

पालकांनी मला आज विचारले की बार्बी घ्यावी की नाही, तर मी होय किंवा नाही म्हणणार नाही. बाहुली घरात आल्यावर तिचे कपडे कोण शिवते, एवढे पाहा, असे सांगेन. सारे कपडे दुकानातूनच येत असतील, तर बाहुली कितीही सुसंस्कृत रंगाची आणि आकाराची असली तरी सावध व्हावे. घरात सुई, दोरा आणि चिंध्यांचे एक बोचके असेल, आणि आई किंवा आजी अर्धा तास मुलीजवळ बसत असेल, तर यात्रेतली नक्कलदेखील चालेल. मुलग्यांच्या हातीही सुई द्यावी. सोलापुरात शिवणयंत्रावर बसणारे पुरुष काही थोडे नाहीत. आणि मुलीचा रंग, उंची, अंगलट यांविषयी पाहुण्यांसमोर बोलण्याची आपली सवय सोडावी. बाहुली जितके शिकवते त्याहून अधिक ते बोलणे शिकवते.

शेवटी आपल्याच भाषेतील आणखी एक बाहुली. डोळ्यातील काळ्या बिंदूला आपण डोळ्याची बाहुली म्हणतो. सेमिनरीत लॅटिन शिकताना मला आढळले की त्या भाषेतही लहान मुलीला, बाहुलीला आणि डोळ्यातील या बिंदूला एकच शब्द आहे. कारण उघड आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जवळून पाहिले की तेथे आपलीच इवलीशी आकृती दिसते. मुलीला आपले रूप पहिल्यांदा दिसते ते दुकानाच्या काचेत नव्हे, आईच्या डोळ्यांत. तेथे तिला काय दिसते, हे ठरवणे अजून तरी आपल्या हाती आहे.